इंग्रजी कधीपासून? बरं, आणि कसं?

तळोज्यात दोन प्रकारच्या पाट्या भरपूर दिसतात. एक 'वन बीएचके भाड्याने देणे आहे' आणि दुसरी 'स्पोकन इंग्लिश'. पहिलीचं कारण उघड आहे. मुंबईतलं भाडं परवडत नाही म्हणून माणसं इकडे आली, सिडकोने इमारती बांधल्या, एमआयडीसी आधीपासून होतीच. दुसरीचं कारणही तसं उघडच आहे. इथे राहणाऱ्या बहुतेक आईबापांना आपल्या पोरांनी आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वर जावं असं वाटतं, आणि त्या जिन्याचा कठडा इंग्रजीचा आहे याबद्दल कुणालाच शंका नाही. आगरी पाड्यातल्या घराला नाही, बिहारहून आलेल्या फिटरला नाही आणि माझ्यासारख्या आयटीतल्या माणसाला तर नाहीच नाही.

म्हणून मूल तीन वर्षांचं झालं की घराघरात एकच प्रश्न येतो. कुठल्या मीडियममध्ये घालायचं? इंग्रजी कधीपासून?

मंडळी, हा प्रश्न आपल्याला आज पडलाय असं वाटतं, पण तो मुंबई इलाख्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी अगदी सरकारी बैठकीत लढला गेलाय. गेले काही वीकेंड मी या विषयाच्या मागे लागलो होतो. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी 'दुसरी भाषा कशी शिकली जाते' याची जी थिअरी आहे ती आणि आपल्याकडचा इतिहास, असं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचत होतो. वाचता वाचता एक पॅटर्न दिसायला लागला. आपण 'कधी' यावर दोनशे वर्षं भांडलो. 'कसं' यावर मात्र फारच थोडी माणसं बोलली, आणि बोलली तेव्हा त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही.

सुरुवात उलट्या टोकाने करू. आपल्याकडे दुसरी भाषा शिकायची पहिली मोठी गरज साहेबाला पडली, आपल्याला नाही. विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या पोरगेल्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवायचं होतं म्हणून. मदतीला वैजनाथ शर्मा नावाचे पंडित होते. पुढे १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, जो आजही लोक उघडून बघतात. हे सगळे विद्यार्थी विशीतले किंवा त्याच्या पुढचे. बालपणी मराठीचा एक शब्द कानावर पडलेला नाही. तरी त्यातले कित्येक जण मराठीत कामकाज करण्याइतके तयार झाले, कारण शिकवायला पंडित होता, रोज लोकांशी बोलावं लागत होतं आणि भाषा आली नाही तर नोकरीत अडचण होती. शिक्षक, सराव आणि गरज. वयाचा यात कुठे संबंध आला? हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता १८४७. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी. त्यांचं म्हणणं, वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यायला हवं. समोर जगन्नाथ शंकरशेट, ज्यांना आपण नाना शंकरशेट म्हणतो, आणि त्यांच्या बाजूने कर्नल जॉर्ज जर्व्हिस. नानांचं म्हणणं असं की सर्वसामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचं असेल तर ते त्यांच्याच भाषेतून पोचेल. जर्व्हिस हा नुसता बोलणारा माणूस नव्हता. त्याने १८२३ पासून मुंबईत इंजिनिअरिंगचं शिक्षण मराठीतून चालवलं होतं आणि त्यासाठी गणिताची पुस्तकं मराठीत आणली होती. विचार करा, दोनशे वर्षांपूर्वी मराठीतून इंजिनिअरिंग! आणि आपण आज 'लूप' आणि 'फंक्शन' मराठीत समजावता येतं का यावर हसतो.

वाद बराच चिघळला. शेवटी सरकारने मधला मार्ग काढला आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यात तोच मार्ग सगळ्या देशासाठी आला. खालचं शिक्षण देशी भाषेत, वरचं इंग्रजीत. म्हणजे 'कधी' याचं उत्तर मिळालं: वरच्या इयत्तांत. 'कसं' याचं उत्तर कुणी ठरवून दिलं नाही, ते आपोआप आलं. ते म्हणजे भाषांतर.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला माहीत नाही असा शिकलेला माणूस सापडणं कठीण. पद्धत साधी. एक नियम, काही नमुन्याची वाक्यं, मग मराठी वाक्यांची रांग, करा इंग्रजी. नंतर इंग्रजी वाक्यांची रांग, करा मराठी. पुढचा धडा मागच्यावर रचलेला. प्रोग्रॅमरला तर ही रचना फारच आवडेल. थिअरीच्या पुस्तकात याला व्याकरण-भाषांतर पद्धत म्हणतात आणि हल्ली तिचं नाव फक्त शिव्या घालायला घेतात.

पण एक प्रश्न पडतोच. ही पद्धत इतकी टाकाऊ होती, तर त्या काळातल्या लोकांनी इतकं कडक इंग्रजी लिहिलं कसं? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेलं निवेदन इंग्रजीत आहे. न्यायमूर्ती रानड्यांचं लेखन इंग्रजीत आहे. 'जुन्या लोकांचं इंग्रजी बघा' हे वाक्य आपण सगळ्यांनी घरी ऐकलेलं असतं.

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं, त्यांना फक्त भाषांतर करायला लावलं नव्हतं. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत आणि कॉलेजात इतिहास, गणित, सगळंच इंग्रजीतून असायचं. म्हणजे तासन् तास इंग्रजी वाचणं आलं, आणि वाचलेलं समजून घेणं आलं. दुसरं उत्तर जरा कडू आहे. आपल्याला दिसतात ते टिकलेले. जे गळाले त्यांची निवेदनं छापली गेली नाहीत. 'मॅट्रिक नापास' ही एक आख्खी जमात या राज्यात होती आणि त्यातल्या कित्येकांची दांडी इंग्रजीतच उडाली होती. स्टॅटिस्टिक्स शिकलेल्यांना याचं नाव माहीत आहे, सर्व्हायव्हरशिप बायस. पद्धत चांगली की वाईट हे पास झालेल्यांवरून ठरवायचं नसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वारं फिरलं. युरोपात डायरेक्ट मेथडची चलती होती: मातृभाषा वर्गाबाहेर ठेवा, वस्तू दाखवा, कृती करा, थेट इंग्रजीत बोला. आपल्याकडे मुंबई इलाख्यात ही पद्धत आणण्याशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तो माणूस कोण असेल? पी. सी. रेन. हो, तोच, रेन अँड मार्टिनमधला रेन! १९०३ पासून तो इथल्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, आणि नंतर 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे जगभर गाजला. नियम पाठ करण्याऐवजी भाषा थेट बोलत शिकवा असं सांगणाऱ्याचं नाव आज नियमांच्या जाडजूड लाल पुस्तकावर आहे. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी :-)

डायरेक्ट मेथड आपल्याकडे का रुजली नाही? कारण तिला लागतो सफाईने इंग्रजी बोलणारा शिक्षक, लहान वर्ग आणि भरपूर तास. ते मोजक्या शाळांत होतं. बाकीच्यांकडे पुस्तक होतं आणि साठ पोरं होती. अशा वर्गात भाषांतर टिकतं, कारण त्याला शिक्षकाच्या बोलण्याची गरज कमी पडते. पद्धत अडाणीपणाने टिकत नाही हो, परिस्थितीने टिकते.

त्याच सुमारास पूर्वेला ढाक्यात मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजचा प्रिन्सिपल होता. १९२६ मध्ये त्याने बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक शब्द मला इतका आवडला की हा सगळा लेख त्या शब्दासाठी लिहिलाय म्हटलं तरी चालेल. सरेंडर व्हॅल्यू.

आपण सगळे एलआयसीवाले लोक, शब्द ओळखीचा आहे. पॉलिसी मध्येच बंद केली तर हातात किती पैसे येतात? वेस्टने तोच प्रश्न इंग्रजीच्या तासाला विचारला. त्याला दिसत होतं की पहिल्या वर्गात बसलेल्या मुलांतली बहुतेक शेवटपर्यंत पोचत नाहीत. कुणी चौथ्या वर्षी शाळा सोडतं, कुणी सहाव्या. अभ्यासक्रम मात्र असा आखलेला की फळ मिळणार ते शेवटी. मग मधे सुटलेल्या मुलाच्या हातात काय? थोडं व्याकरण, काही सुटी वाक्यं, उपयोग शून्य. त्याचं उत्तर होतं वाचन. आधी वाचायला शिकवा, मोजक्या आणि वारंवार लागणाऱ्या शब्दांत गोष्टी लिहा, म्हणजे मूल ज्या दिवशी शाळा सोडेल त्या दिवशी निदान काहीतरी वाचू शकेल. अशा उपयोगी शब्दांची साधारण दोन हजारांची यादी त्याने पुढे १९५३ मध्ये छापली, आणि सोप्या इंग्रजी पुस्तकांचा धंदा कित्येक वर्षं तिच्यावर चालला.

वेस्टशी भांडता येतं. बोलणं मागे टाकलं असा आक्षेप त्याच्यावर घेतला गेलाच. पण त्याचा प्रश्न भांडून जात नाही. तो परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलापासून सुरू होत नाही, गळालेल्या मुलापासून सुरू होतो.

स्वातंत्र्यानंतर 'कधी' परत आलं. बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढलं, सुरुवात आठवीपासून. १९५४ च्या जानेवारीत सरकारने आणखी एक परिपत्रक काढलं: इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा भारतीय मुलांना नव्याने घेऊ नये. देवळालीची बार्न्स हायस्कूल चालवणारी सोसायटी कोर्टात गेली आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने परिपत्रक चालणार नाही असं सांगितलं. आईबापांची ओढ कुठे होती हे त्या खटल्यातून कळतं. एका बाजूला सरकार मराठी शाळेतलं इंग्रजी पुढे ढकलत होतं, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना परवडत होतं ते दुसऱ्या दाराने आत जात होते. गळालेल्याचं नुकसान झालं ते असं. हेतू चांगला होता, पण इंग्रजी फक्त परवडणाऱ्यांपुरतं उरलं.

पुढे इंग्रजी पाचवीवर आलं. १९६७ मध्ये पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि सगळ्या राज्याला एकच पुस्तक मिळालं. त्या काळची थिअरी होती स्ट्रक्चरल. मुळात ती अशी: भाषा म्हणजे सवय. उंदराला जशी कळ दाबायची सवय लावता येते तशी माणसाला वाक्याची. सोप्याकडून अवघडाकडे रचना लावायच्या, एक पक्की झाली की दुसरी. 'धिस इज अ पेन. दॅट इज अ डोअर.' वर्गात सगळे एका सुरात. चूक होऊच द्यायची नाही, कारण चुकीची पण सवय लागते.

गंमत म्हणजे जेव्हा हे आपल्याकडे पसरत होतं तेव्हा त्याचा पाया तिकडे हलला होता. १९५७ मध्ये स्किनरचं 'व्हर्बल बिहेविअर' आलं आणि १९५९ मध्ये चॉम्स्कीने त्याचं परीक्षण लिहून त्याच्या चिंध्या केल्या. मूल कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतं, ती सवयीने कशी येतील, हा त्याचा साधा सवाल. पण थिअरी विद्यापीठात मेली तरी पुस्तकात वीस-पंचवीस वर्षं जगते. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टिम म्हणतात.

त्याच १९५७ साली एका मराठी माणसाने या विषयात महत्त्वाचं काम केलं. डॉ. अशोक केळकर. पुढे डेक्कन कॉलेजात असलेले, मराठीतले मोठे भाषावैज्ञानिक. अमेरिकेतल्या 'वर्ड' या नियतकालिकात त्यांचा लेख आला, विषय 'मराठी इंग्लिश'. मराठी माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा त्याचे उच्चार नेमके असे का होतात? 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींसाठी आपला एकच व. 'थिंक'मध्ये दातांमध्ये जीभ धरायची तिथे आपण सरळ थ म्हणून मोकळे होतो. या सवयी आळशीपणाच्या नाहीत, आपल्या भाषेतल्या आवाजांच्या व्यवस्थेतून येतात. याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट लाडोनेही पुस्तक लिहिलं: दोन भाषा शेजारी ठेवा, जिथे फरक तिथे विद्यार्थी अडखळणार.

उच्चारांत हे बरंच खरं आहे. वाक्यांतही काही ठिकाणी. 'येस्टरडे ओन्ली आय केम' यात आपलं 'कालच' स्पष्ट ऐकू येतं. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत म्हणून ते गळतात. पण एक चूक या हिशोबात बसत नाही. 'ही गो टू स्कूल.' तो एस विसरतो. आता मराठीत बघा, जातो, जाते, जातात, जातोस. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलायची आपल्याला इतकी सवय आहे की इंग्रजीतला हा एकटा एस आपल्यासाठी किरकोळ असायला हवा. पण नाही. मराठी पोरगं तो विसरतं, जपानी विसरतं, स्पॅनिशही विसरतं. म्हणजे चुकीचं कारण मातृभाषेत नाही, शिकण्यात आहे.

हे नीट मांडलं पिट कॉर्डरने १९६७ मध्ये आणि लॅरी सेलिंकरने १९७२ मध्ये. कॉर्डर म्हणाला, चूक म्हणजे पाप नव्हे, तो पुरावा आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यात आत्ता कुठला नियम चालू आहे ते चूक सांगते. सेलिंकरने त्या मधल्या अवस्थेला 'इंटरलँग्वेज' नाव दिलं. मराठी नाही, इंग्रजी नाही, दोन्हींच्या मधली विद्यार्थ्याची स्वतःची भाषा, जिला तिचे स्वतःचे नियम आहेत. 'आय गोड टू मार्केट' म्हणणाऱ्या मुलीने भूतकाळाचा नियम स्वतः शोधून काढलाय! तिला लाल शाईने खोडणं म्हणजे एरर लॉग न वाचता डिलीट करणं. शिक्षकांना द्यायची एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

आता येतो शेजारच्या राज्यात, आणि 'कसं' या प्रश्नाला हात घालणाऱ्या सगळ्यात धाडसी प्रयोगाकडे. १९७९ ते १९८४. एन. एस. प्रभू तेव्हा मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजीचे अधिकारी. बंगलोरच्या रिजनल इन्स्टिट्यूटच्या सोबतीने त्यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला, जगात तो 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. वर्गात व्याकरण शिकवायचंच नाही. त्याऐवजी कोडी द्यायची. रेल्वेचं टाइमटेबल द्यायचं आणि विचारायचं, अमुक गाडीने निघालो तर किती वाजता पोचू? नकाशा द्यायचा, रस्ता काढायला सांगायचं. आधी शिक्षक तसंच एक कोडं सगळ्या वर्गासमोर, प्रश्नोत्तरं करत सोडवणार. मग तसंच दुसरं प्रत्येकाने स्वतः. डोकं उत्तरात गुंतलेलं असतं तेव्हा भाषा मागच्या दाराने आत येते, असा प्रभूंचा दावा.

यात महागडं काहीही नव्हतं. खडू, फळा आणि कागद. परदेशातल्या पद्धती जोड्या पाडा, गट करा म्हणत होत्या. प्रभूंनी आपल्या गच्च भरलेल्या वर्गात शिक्षकच पुढे राहील हे गृहीत धरलं. प्रयोगाचं मूल्यमापन १९८५ मध्ये बेरेटा आणि डेव्हिस यांनी छापलं, निकाल संमिश्र पण एकंदरीत बाजूने. आज जगभर शिक्षकांना 'टास्क बेस्ड' शिकवणं शिकवतात, त्याच्या पहिल्या प्रकरणात दक्षिण भारतातल्या या वर्गांचं नाव येतं. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

याच प्रभूंनी १९९० मध्ये आणखी एक लेख लिहिला. सर्वोत्तम पद्धत असं काही नसतंच, का नसतं? त्यांचं म्हणणं, पद्धतीपेक्षा महत्त्वाचं हे की शिक्षकाला स्वतःला आपण करतोय ते पटलेलं आहे का. त्याच्या मनात 'मुलं अशी शिकतात' याचं एक जिवंत चित्र आहे का. ते नसेल तर कुठलीही पद्धत म्हणजे यांत्रिक उरकणं.

आणि मग जून २०००. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हा केवढी वादळं झाली ते चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. मराठी बुडणार असं एक बाजू म्हणत होती. बहुजनांच्या पोरांनाही इंग्रजी मिळालंच पाहिजे असं दुसरी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं न्यायाचं होतं, हे १९५४ ची गोष्ट वाचल्यावर नाकारता येत नाही. पण वाद परत 'कधी'चाच. मराठी शाळेतल्या पहिलीच्या ज्या बाईंनी हे शिकवायचं, त्यांच्यातल्या बहुतेकींनी स्वतः इंग्रजी पाचवीपासून आणि भाषांतराने घेतलेलं. सॉफ्टवेअर लाइव्ह झालं, ट्रेनिंग नंतर बघू.

'लहान मुलं भाषा पटकन शिकतात' हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे ना? थांबा जरा. ब्रिटनमध्ये १९६४ पासून आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवून बघितलं. १९७४ मध्ये क्लेअर बर्स्टलचा अहवाल आला: उशिरा सुरू केलेल्यांच्या मानाने फायदा फारच थोडा. १९७८ मध्ये हॉलंडमधल्या अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत कुमारवयीन आणि मोठी माणसं लहानग्यांच्या पुढे निघाली. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि मंडळींनी वर्षानुवर्षं मोजलं, २००६ मध्ये छापलं: शाळेत तितकेच तास मिळाले तर उशिरा सुरू केलेली मुलं जास्त वेगाने शिकतात. लहान वयाचा फायदा खरा आहे, विशेषतः उच्चारांत. पण तो मिळतो ती भाषा दिवसभर अवतीभवती असेल तेव्हा. आठवड्यातल्या काही तासांत नाही. आठवले का कॅरीचे विशीतले विद्यार्थी?

'मग सरळ इंग्रजी मीडियमच बरं, दिवसभर इंग्रजी!' हा तळोज्याचा तर्क, आणि तो मूर्खपणाचा अजिबात नाही. त्याला आधारही आहे, कॅनडाचा. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळ सेंट लँबर्टला इंग्रजी घरातल्या मुलांना सरळ फ्रेंचमधून शिकवायला घेतलं आणि ती छान शिकली. पण तिथे शिक्षकांना दोन्ही भाषा येत होत्या, सगळी मुलं शून्यावर होती आणि घरची भाषा ही देशातली तगडी भाषा होती. त्यातही मेरिल स्वेनला १९८५ मध्ये दिसलं की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकूनही मुलांचं बोलणं व्याकरणात कच्चं राहतं. कारण ऐकणं भरपूर झालं, स्वतः नीट बोलून बघायची वेळ कमी आली. आपल्या बऱ्याचशा स्वस्त इंग्रजी शाळांत यातलं काय आहे? पुस्तक इंग्रजी, समजावणं हिंदी-मराठीत, पेपर पाठ केलेला इंग्रजीत. कॅनडात पोरांना पोहायला शिकवलं. इथे नुसतं पाण्यात सोडलंय.

जिम कमिन्सने १९७९ च्या आसपास सांगितलेली गोष्ट इथे कामाची आहे. दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. खाली पाया एकच असतो. वाचून अर्थ लावणं, मुद्दा मांडणं, हे एका भाषेत जमलं की दुसरीत नव्याने शिकावं लागत नाही. म्हणून पहिलीत मराठीतून धड वाचायला शिकलेलं मूल इंग्रजीतही पुढे असतं. आपल्याकडे हे फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रत्यक्षात उतरवलं. अमेरिकेतून आलेल्या भाषावैज्ञानिक, फलटणच्या बोलीवर पीएचडी, स्वतः मोठेपणी मराठी शिकलेल्या. त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि सगळा जोर लावला तो मुलांना मराठीत खऱ्या अर्थाने वाचता-लिहिता येण्यावर. आमच्या इथल्या आगरी घरातल्या मुलाला तर पुस्तकातली मराठी हीसुद्धा अर्धी दुसरी भाषाच. त्याला पहिल्याच दिवशी तिसऱ्या भाषेत टाकताना निदान थोडं थांबावं की नाही?

२०२५ मध्ये हेच नाटक पुन्हा लागलं, नटाचं नाव फक्त बदललं. १६ एप्रिलला शासननिर्णय, पहिलीपासून हिंदी. १७ जूनला सुधारित निर्णय. २९ जूनला दोन्ही रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. सगळ्या गदारोळात मुद्दा एकच, कितव्या इयत्तेपासून. शिकवणार कोण आणि कसं, हे कुणी विचारल्याचं फारसं ऐकू आलं नाही.

माझं मत सांगून थांबतो. मीडियम कुठलंही घ्या, तो घराघराचा निर्णय आहे आणि त्यावरून कुणी कुणाला नावं ठेवू नयेत. पण शाळा बघायला जाल तेव्हा 'इंग्रजी कधीपासून' हे विचारून झालं की आणखी तीन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्या बाई स्वतः मजेसाठी इंग्रजीत काही वाचतात का? मुलाने चुकीचं वाक्य बोललं तर वर्गात काय होतं? आणि वर्गात मूल दिवसातून किती वेळा स्वतःचं, पाठ न केलेलं एक तरी वाक्य बोलतं? उत्तरं चांगली मिळाली तर पहिली काय आणि पाचवी काय, मूल शिकेल.

आणि वेस्टचा चौथा प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून विचारायचा आहे, कारण तो एकट्या आईबापाचा नाही. आपल्याकडे दहावीच्या आधी, दहावीला, बारावीला शाळा सुटणारी मुलं आहेत. या एमआयडीसीत ती रोज गेटवर उभी असतात. दहा वर्षं इंग्रजीचे हप्ते भरून त्यांच्या हातात काय आलं? मशीनवरची सूचना वाचून समजते का? नोकरीचा कागद सही करण्याआधी वाचता येतो का? ज्या दिवशी याचं उत्तर 'हो' येईल त्या दिवशी 'कधीपासून' हा वाद आपोआप मिटेल. तोपर्यंत स्पोकन इंग्लिशच्या पाट्या वाढतच राहणार, आणि त्यात त्या पाटीवाल्यांचा काय दोष?

असो. फार लांबलं. भेटू पुढच्या शनिवारी.